ढोलीची फट

रानात माणसाची वाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. बेहड्याच्या ढोलीत धनेशीण अंड्यांवर बसली आणि आपल्या जातीच्या रीतीप्रमाणे तिनं ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवली. आत तिची पिसं गळाली, उडणं थांबलं. तिचा जोडीदार धनेश त्या फटीतून उंबरं भरवील, त्यावरच तिचं नि पिल्लांचं पोट.

शेजारच्या फांदीवरचं शेकरू म्हणालं, "अगं, तो रोज येईलच याला पुरावा काय?"

"काल आला, परवाही आला."

"तो कालचा झाला. उद्याचा दाखव."

"उद्याचा कुणाकडे असतो रे?"

अंड्यांतून पिल्लं निघाली, आणि एके दिवशी धनेश आलाच नाही. उन्हं कलली. "मी म्हटलं नव्हतं?" असं शेकरूच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण पिल्लांचं रडणं ऐकून ते फांद्यांवरून उड्या टाकत दूर गेलं.

परतलं ते धापा टाकत. "येतोय! इथली उंबरं संपली, म्हणून पलीकडच्या डोंगरावर गेला होता. मी डोळ्यांनी पाहिलं!"

धनेशिणीनं फटीतून चोच बाहेर काढली. "मला इथं बसून विश्वास ठेवता येत होता, जाऊन बघता येत नव्हतं. तू गेलास. फार उपकार झाले, भाऊ."

शेकरू ओशाळलं. "आणि तो येत नाही असं दिसलं असतं तर?"

"तर तेही ऐकलं असतं आणि ही भिंत चोचीनं फोडली असती. डोळे मिटून नाही बसले मी."

धनेश आला. पिल्लांची पोटं भरल्यावर उरलेलं शेवटचं उंबर तिनं चोचीत धरलं आणि फटीतून शेकरूपुढे केलं.