दुसरी तार

शिंपेबंदरच्या महाराजांचा कायदा सोपा होता: आत आलेलं बाहेर जाणार नाही. बंदरात शिरलेली परक्यांची गलबतंसुद्धा ते ठेवून घेत. राजवाड्यात वीज घ्यायची ठरली, तेव्हा इंजिनिअर वागळे दोन तारा घेऊन आले.

"दुसरी कशाला?"

"एकीतून वीज येते महाराज, दुसरीतून परत जाते."

"परत? कापून टाका ती!"

वागळ्यांनी कापली. संध्याकाळी दरबार भरला. महाराजांनी बटण दाबलं. दिवा काही लागेना.

"वागळे, वीज कुठाय? बोला, नाहीतर तुरुंगात टाकीन!"

वागळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बंदराकडे येणारं एकही शीड दिसत नव्हतं.

"गलबतांना कळलं ते विजेलाही कळलंय, महाराज. जिथून परत जाऊ देत नाहीत, तिथं ती येतच नाही."