भरलेलं बीळ

माणसं अजून बांधावरून भांडायला शिकली नव्हती, तेव्हाची गोष्ट. ज्वारीच्या शेतात गबाजी उंदराचं बीळ होतं. बिळाच्या मागे एक पळवाट मोकळी ठेवायची, ही उंदरांची जुनी रीत. पण गबाजीचा सगळा जीव कणसांत. आधी त्याने कोठी भरली, मग बसायउठायची जागा भरली आणि शेवटी पळवाटही कणसांनी गच्च बुजवली.

शेजारची ठकूमावशी एकदा म्हणाली, "अरे गबाजी, पाहुणा आला तर बसवशील कुठं?"

"पाहुणे येतात ते खायलाच," गबाजी म्हणाला.

एका दुपारी पुढच्या दारातून धामण आत शिरली. सरसर ऐकताच गबाजी मागे पळाला आणि कणसांवर आदळला. त्याची किंकाळी ऐकून ठकूमावशी पिलांना घेऊन धावली आणि बाहेरून पळवाट उकरू लागली.

"गबाजी, आम्ही ओढतो, तू आतून ढकल!"

पहिलं कणीस बाहेर आलं. दुसरं आलं. तिसरं काही केल्या हलेना. मावशीने जोर लावला, तेव्हा तिला कळलं की गबाजीनेच ते आतून धरून ठेवलंय.

"अरे, सोड! धामण कुठवर आली?"

"आलीच! पण मावशी, बाहेर पडलेली कणसं पाखरं नेतील गं. आधी तेवढी झाकून ठेव, मग..."

आणि ते कणीस अलगद सुटून मावशीच्या पंजात आलं.

धामण ज्वारी खात नाही. गबाजीचं धान्य बिळात जसंच्या तसं राहिलं.