मिरीचं फाटकं फडकं

एक होती उंदरी. तिचं नाव मिरी. मिरीच्या दाण्याएवढी, आणि तशीच तिखट.

मिरीला एक बाळ होतं. त्याचं नाव राळू. एवढुस्सा! पण दिवसभर उचलून घेतला, की मिरीचे हात भरून यायचे.

म्हणून मिरीकडे होतं एक फडकं. जुन्या लुगड्याचा तुकडा. मऊ मऊ. राळूला पाठीवर घ्यायचं. फडकं गुंडाळायचं. पोटावर मारायच्या दोन गाठी. राळू झोपायचा, घुर्र घुर्र. मिरीचे हात मोकळे!

शेतात ज्वारीची काढणी झाली होती. कणसं सांडली होती. सांडलेली कणसं, वेचेल त्याची. पण उन्हं उतरली, की शेतात गुरं सोडायची, असा गावाचा नेम. गुरं आली, की एक दाणा उरायचा नाही. आणि मिरीचं बीळ होतं रिकामं.

मिरी निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू.

वाटेत होती बोराटी. बोराटीला होता काटा. काट्यात अडकलं फडकं.

फर्रर्र!

झाले दोन तुकडे. राळू घसरला. मिरीनं पटकन झेलला. आता राळू हातात. मग दाणे वेचायचे कोणी?

जवळच झाडावर राहायची शिंपीणताई. इवलीशी पाखरीण. चोचीनं पानं शिवायची, टुचुक टुचुक.

मिरी गेली तुरूतुरू. राळू म्हणाला, "चिं!"

"शू, राळू, शू! लोक काय म्हणतील?"

मग मिरी म्हणाली,
"शिंपीणताई, शिंपीणताई, फडकं शिवून दे.
राळू पाठीवर राहीना,
हात मोकळे होईनात.
मग दाणे वेचायचे कोणी?"

शिंपीण म्हणाली, "अगंबाई! फडक्यात बांधतेस पोराला? आमच्यात नाही हो असलं काही! आमची पोरं पानाच्या पाळण्यात. अंगावर घेऊन घेऊन सवय बिघडवलीस तू त्याची. हे घे पान."

राळूला ठेवलं पानात. सुर्रर्र... धुप्प!

"पान चांगलं आहे," शिंपीण म्हणाली. "तुझं पोरच घसरडं आहे."

"आणि फडकं?"

"शिवीन की! माझं काय जातंय? पण दोरा कुठंय? कोळीण दोरा देईल, तर शिवीन."

मिरी गेली तुरूतुरू कोळीणकाकूकडे. डबक्याकाठी झुडूप, झुडपावर जाळं, जाळ्यात कोळीणकाकू. राळू म्हणाला, "चिं!"

"शू, राळू, शू! लोक काय म्हणतील?"

मग मिरी म्हणाली,
"कोळीणकाकू, कोळीणकाकू, दोरा दे.
शिंपीण शिवेना,
राळू पाठीवर राहीना,
हात मोकळे होईनात.
मग दाणे वेचायचे कोणी?"

कोळीण म्हणाली, "अगंबाई! फडक्यात बांधतेस पोराला? आमच्यात नाही हो असलं काही! आमची चिकट पिशवी. गाठ नको, गुंडाळणं नको. टाकलं, की चिकटलं!"

राळूला लावली पिशवी. नाकच चिकटलं! मिरीनं ओढलं. चप्पक!

"पिशवी चांगली आहे," कोळीण म्हणाली. "तुझं पोरच नाकाडं आहे."

"आणि दोरा?"

"देईन की! माझं काय जातंय? पण जाळ्यापुढे बेडकीण बसलीय. माझ्या सगळ्या माश्या गट्टम करते. उपाशीपोटी दोरा निघतो होय? बेडकीण सरकेल, तर देईन."

मिरी गेली तुरूतुरू बेडकीणमावशीकडे. राळू म्हणाला, "चिं! चिं!"

"शू, राळू, शू! लोक काय म्हणतील?"

मग मिरी म्हणाली,
"बेडकीणमावशी, बेडकीणमावशी, बाजूला सरक.
कोळीण दोरा देईना,
शिंपीण शिवेना,
राळू पाठीवर राहीना,
हात मोकळे होईनात.
मग दाणे वेचायचे कोणी?"

बेडकीण म्हणाली, "अगंबाई! फडक्यात बांधतेस पोराला? आमच्यात नाही हो असलं काही! आम्ही पोरं पाण्यात सोडतो. डुबुक! की झालं काम. सोड!"

मिरीनं राळूला घट्ट धरलं. मुळीच सोडला नाही.

"पाणी चांगलं आहे," बेडकीण म्हणाली. "तुझं पोरच भित्रं आहे."

"आणि सरकणं?"

"सरकेन की! माझं काय जातंय? पण जाऊ कुठे? डबक्यात म्हैस बसलीय. म्हैस उठेल, तर सरकेन."

मिरी गेली तुरूतुरू म्हैसआत्याकडे. आता राळू जड लागत होता. मिरीचे हात ठणकत होते. राळू म्हणाला, "चिं! चिं! चिं!"

"शू, राळू, शू! लोक काय म्हणतील?"

मग मिरी म्हणाली,
"म्हैसआत्या, म्हैसआत्या, ऊठ.
बेडकीण सरकेना,
कोळीण दोरा देईना,
शिंपीण शिवेना,
राळू पाठीवर राहीना,
हात मोकळे होईनात.
मग दाणे वेचायचे कोणी?"

म्हैस म्हणाली, "अगंबाई! फडक्यात बांधतेस पोराला? आमच्यात नाही हो असलं काही! आमचं रेडकू जन्मलं त्याच दिवशी उभं राहिलं. तुझं अजून चालत नाही? ठेव खाली. चालेल."

राळूला ठेवलं खाली. राळूनं मारली फतकल.

"जमीन चांगली आहे," म्हैस म्हणाली. "तुझं पोरच आळशी आहे."

"आणि उठणं?"

"उठेन की! माझं काय जातंय? पण पाठीवर वानरीण बसलीय. उठले, तर पडेल ना ती! वानरीण उतरेल, तर उठेन."

मिरी चढली म्हशीच्या शेपटीवरून. राळूला दातात धरून. वर बसली होती वानरीणवहिनी. पोटाशी तिचं पिल्लू. झोपलेलं.

मग मिरी म्हणाली,
"वानरीणवहिनी, वानरीणवहिनी, खाली उतर.
म्हैस उठेना,
बेडकीण सरकेना,
कोळीण दोरा..."

"शूऽऽऽ!" वानरीण म्हणाली. "हळू! माझं सोनं झोपलंय. आणि अगंबाई! फडक्यात बांधतेस पोराला? आमच्यात नाही हो असलं काही! आमचं पिल्लू आपणहून पोटाला धरतं. शिकव त्याला."

राळूनं धरली मिरीची मिशी. आणि ओढली. आई गं!

"पोट चांगलं आहे," वानरीण कुजबुजली. "तुझं पोरच द्वाड आहे."

"आणि उतरणं?"

"उतरेन की! माझं काय जातंय? पण सकाळपासून थोपटतेय, तेव्हा कुठे झोपलंय. हलले, की जागं होईल. ते आपणहून उठेल, तर उतरेन. तोवर शूऽऽऽ!"

खालून म्हैस म्हणाली, "शूऽऽऽ!" बेडकीण म्हणाली, "शूऽऽऽ!" कोळीण म्हणाली, "शूऽऽऽ!" झाडावरून शिंपीणही म्हणाली, "शूऽऽऽ!"

मिरीनं वर पाहिलं. उन्हं उतरायला लागली होती. आता जायचं कोणाकडे? कोणीच उरलं नव्हतं.

मिरीला रडू आलं. मग राग आला. चांगलाच आला! वानरिणीचं पोर झोपलंय, तर सगळे शूऽऽऽ. आणि माझं पोर उपाशी आहे, ते?

राळूनं तोंड उघडलं.

या वेळी मिरी शू म्हणाली नाही.

"चिंऽऽऽऽऽऽऽऽऽ!"

एवढुस्सा राळू. पण आवाज पार टेकडीपर्यंत गेला.

"गप्प कर त्याला! लोक काय म्हणतील?" सगळ्या ओरडल्या.

"म्हणू देत," मिरी म्हणाली. "रड रे माझ्या राजा. मोठ्यानं रड."

"चिंऽऽऽऽऽऽऽऽऽ!"

आणि काय झालं?

पिल्लू जागं झालं, हूप!
वानरीण उतरली, धप्प!
म्हैस उठली, छपाक!
बेडकीण सरकली, डुबुक!
माश्या आल्या, भूं भूं! कोळिणीनं खाल्ल्या, गट्टम! आणि दोरा दिला, सर्रर्र!
शिंपिणीनं शिवलं, टुचुक टुचुक!

फडकं झालं अख्खं. मध्ये एक वाकडी शिवण. असू दे!

राळू पाठीवर. गुंडाळलं फडकं. एक गाठ. दुसरी गाठ. राळू झोपला, घुर्र घुर्र. हात मोकळे!

मिरी पळाली शेतात. टिप टिप दाणे वेचले. बिळात नेले. पुन्हा आली. टिप टिप वेचले. पुन्हा नेले. म्हैस डुलत डुलत शेतात पोचली, तोवर बीळ भरलं होतं. राळू पोटभर जेवला आणि ढेकर दिली, अब्ब!

इतक्यात बिळापाशी आली वानरीण. तिचं पिल्लू काही केल्या झोपेना. हात दुखून आले होते. मागून आल्या बाकीच्या चौघी.

"मिरे, मिरे," वानरीण हळूच म्हणाली, "असं एक फडकं मलाही दे ना."

"मलाही!" "मलाही!" "मलाही!" "मलाही!"

मिरीनं मिशी पुसली. म्हणाली, "देईन की! माझं काय जातंय? फडकं चांगलं आहे. पण आधी तुमचे सल्ले संपतील, तर देईन."

"संपले की!" शिंपीण म्हणाली. "फक्त गाठ पोटावर नको, खांद्यावर मार."

"खांद्यावर कशाला?" कोळीण म्हणाली. "गाठच नको!"

"ओलं करून बांध," बेडकीण म्हणाली.

"आणि एवढा वेळ झोपू देऊ नकोस हं," म्हैस म्हणाली.

"आमच्यात तर..." वानरीण म्हणाली.

पाचही जणी अजून बोलतायत. फडकं अजून मिरीच्याच पाठीवर आहे.

गोष्ट गुंडाळली, दोन गाठी मारल्या. आता सुटायची नाही!