मीठ न पिकलेले वर्ष

पूर्वी अपरान्ताच्या किनाऱ्यावर शंखपूर नावाचे नगर होते. तेथे पुष्यवर्धन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका धान्यव्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव भद्रक. त्याचा माल चोख असे आणि माप सरळ असे, पण गावात त्याची ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती. भाव विचारायला आलेल्या माणसालाच तो उलट प्रश्न विचारी. तुमच्याकडे यंदा चिंच केव्हा फुलली? विहिरीचे पाणी कितपत खाली गेले? बैल उन्हात बसतात की सावलीत? लोक हसून म्हणत, भद्रकाकडे तांदूळ मागायला जावे आणि उत्तरे देता देता उपाशी मरावे.

शंखपूरची एक जुनी रीत होती. नगराबाहेर मिठागरे होती. उन्हाळ्यात वाफ्यांत समुद्राचे पाणी कोंडून ठेवीत आणि ते आटले की मीठ धरे. पहिल्या मिठाची टोपली वाजतगाजत समुद्रदेवीच्या देवळात नेत, आणि त्यानंतरच राजा शेतात पहिला नांगर धरी. त्याआधी जमिनीला फाळ लावणे हा गुन्हा होता. रीत सोयीची होती, कारण मीठ धरेपर्यंत जमीनही चांगली तापलेली असे.

एका वर्षी हिवाळा सरता सरता तेथील संध्याकाळी फार देखण्या होऊ लागल्या. सूर्य बुडाल्यावरही आकाश कितीतरी वेळ तांबडे राही. राजाने किनाऱ्यावर कवींना बोलावून उत्सव केला. पुढे उन्हाळा आला, पण तो जाचेना. सूर्य न घासलेल्या पितळी ताटासारखा दिसे, भरदुपारी त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघता येई. लोक खूश होते. भद्रकाची बायको रेवती मात्र कुरकुरली.

"अहो, हे पापड बघा. ढग नाहीत, पाऊस नाही, तरी वाळायचं नाव घेत नाहीत."

भद्रकाने पापड हातात घेतला, वाकवला, उलटा केला. मग तो तसाच मिठागरांकडे चालू लागला. तेथे वाफ्यांत पाणी तुडुंब होते. मिठाचा एक खडा धरला नव्हता.

लवकरच ही गोष्ट गावभर झाली. देवी रुसली असे पुजाऱ्याने सांगितले आणि राजाने दवंडी पिटवली की देवी मीठ देईपर्यंत कोणी नांगर धरू नये. लोकांनी वाफ्यांत फुले सोडली, नारळ सोडले. बैल गोठ्यात बसून राहिले. पावसाळा जवळ येत होता, आणि एकदा तो लागला की वाफ्यांत मीठ धरणे शक्यच नव्हते. हे सगळ्यांना कळत होते, पण बोलून दाखवायला कोणी धजत नव्हते.

त्याच दिवसांत तारक नावाच्या नावाड्याचे गलबत आग्नेयेकडच्या बेटांवरून परत आले. मसाल्यांबरोबर त्याने एक नवल आणले होते. हलके, करडे, भोकाभोकांचे दगड, आणि ते पाण्यावर तरंगत. बायका टाचा घासायला ते हौसेने घेत होत्या. भद्रकाने एक दगड परातीतल्या पाण्यात टाकला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला.

"हा मिळाला कुठे?"

"शेठ, मिळाला काय विचारता! समुद्रच भरला होता. वल्ही चालेनात, असा दगडांचा थर. शिडावर पिठासारखी राख पडत होती. झाडून झाडून आमचे हात मोडले."

"राख कुठली?"

"तिथली माणसं म्हणाली, पलीकडच्या बेटावरचा डोंगर फुटला. आतून आग आली. धूर इतका वर गेला की त्याचं टोक दिसेना. डोंगराचा शेंडा उडाला म्हणतात. मी नाही बघितलं, उगाच खोटं कशाला बोलू?"

"हे कधी झालं?"

तारकाने आठवून सांगितले. आकाश तांबडे व्हायला लागले त्याच्या थोडे आधी.

भद्रक कोठारात परतला. तेथे हमाल भात पाखडत होते. छपराच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप आत येत होती आणि जमिनीवर तिचा कवडसा पडला होता. पाखडणे सुरू झाले की जाड कोंडा लगेच खाली बसे, पण बारीक धूळ तिरिपीत तरंगत राही आणि कवडसा फिका पडे. हे दृश्य भद्रक लहानपणापासून रोज बघत आला होता. त्या दिवशी त्याने पाखडणे थांबवायला सांगितले आणि धूळ खाली बसण्याची वाट बघत उभा राहिला. हमाल कंटाळून घरी गेले. धूळ तरंगतच होती.

फुटलेल्या डोंगराची बारीक राखही अशीच आकाशात तरंगत आहे, हे आता त्याला कळले आणि भीती वाटली. ऊन जर असे गाळून येणार असेल, तर शंखपूरचे गरवे भात पिकणार नव्हते. तो तांदूळ बारीक आणि सुवासिक, पण त्याला पिकायला फार वेळ लागे. लवकर पिकणारे हळवे भात आणि वरी ही गरिबांची धान्ये. त्यांचे बी त्या पंचक्रोशीत एकाच ठिकाणी भरपूर होते, ते म्हणजे भद्रकाच्या कोठारात. ते दडपून ठेवले असते, तर दिवाळीपर्यंत राजालाही त्याच्या दारात उभे राहावे लागले असते.

"तुम्ही सगळं वाटून टाकणार," रेवती म्हणाली. तिने विचारले नव्हते, नवऱ्याला ती ओळखून होती. "आणि तुमचा अंदाज चुकला तर? ते बी मातीत गेलं म्हणजे लोकांच्या तोंडचंच गेलं. आपली पोरंही त्यातच आली."

"तेच मला खातंय," भद्रक म्हणाला. "पण ठेवलं तर आपण नक्की जगू आणि ते नक्की मरतील. पेरलं तर सगळ्यांनाच आशा आहे."

रेवतीच्या डोळ्यांत पाणी आले. तिने कमरेची कोठाराची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

भद्रक राजाकडे गेला आणि त्याला कोठारात घेऊन आला. राजाला कवडशात हात धरायला सांगितले. मग सूपभर भात पाखडले आणि फुटलेल्या डोंगराची राख आकाशात अशीच तरंगते आहे, असे सांगितले.

"ऊब कमी झाली," राजा चकित होऊन म्हणाला. त्याने दुसरा हात धरून पाहिला. "पुन्हा कर बघू." पुन्हा केले. राजा बराच वेळ त्या धुळीत रमला, आणि मग एकाएकी गंभीर झाला. "पण भद्रका, मिठाशिवाय नांगर कसा धरू? माझ्या आजोबा-पणजोबांनी कधी धरला नाही."

"महाराज, त्यांनी मिठाला का विचारलं असेल? ऊन कसं आहे ते मीठ सांगतं म्हणून. यंदाही त्यानं सांगितलंय. ऊन नाही, असं सांगितलंय. आपण उत्तर मिळूनही दाराशी बसून आहोत."

"आणि तू चुकलास तर?"

"तर माझं कोठार गेलं, आणि मीही हे नगर सोडून जाईन."

दुसऱ्या दिवशी राजाने मिठाशिवाय नांगर धरला. पुजारी रागावून आलाच नाही. भद्रकाने कोठार उघडले आणि ज्याला जितके पेरता येईल तितके बी दिले. काही सधन घरांनी मात्र नाक मुरडून आपले गरवेच पेरले.

पाऊस उशिरा आला आणि रडतखडत पडला. गरवे भात हिरवेच उभे राहिले, दाणा भरलाच नाही. हळवे भात आणि वरी पिकली. लोंब्या बारीक होत्या, पण त्यांत दाणा होता. खळ्यावर लोक रडले आणि हसलेही.

तेव्हा राजाने सर्वांसमक्ष विचारले, "भद्रका, पुढच्या वर्षी तरी सूर्य पूर्वीसारखा तापेल ना?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेली ती माणसे होती. होय म्हटले असते, तर त्या रात्री घरोघरी पोटभर जेवण झाले असते.

"मला माहीत नाही," भद्रक म्हणाला. "धूळ खाली बसायला किती वेळ लागतो ते मी पाहिलेलं नाही. म्हणून बी बाजूला काढा, आणि उरेल तेच खा."

कोणीतरी त्याला शिव्या दिल्या. पण गरवे पेरलेल्यांनाही वाटा देऊन लोकांनी बी बाजूला काढले, राजानेही काढले. शेजारच्या नगरांत जाणत्यांनी छातीठोकपणे सांगितले की संकट टळले, आणि तेथील लोकांनी दाणा न् दाणा खाल्ला. दुसऱ्या वर्षीही सूर्य फिकाच उगवला. त्या किनाऱ्यावर पेरायला बी फक्त शंखपुरात होते, आणि शंखपूरकरांनी ते शेजाऱ्यांनाही दिले.

ही हकीकत सांगून भगवान शास्ता भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा तो आताचा आनंद. न पाहिलेले पाहिले असे न सांगणारा नावाडी सारिपुत्त झाला. किल्ली देणारी रेवती ती राहुलमाता, आणि भद्रक मीच होतो. भिक्षूहो, डोंगराच्या राखेने ऊन फिके झाल्याचे मी ओळखले, त्याला लोक प्रज्ञा म्हणाले. पण भुकेल्या माणसांपुढे उभे राहून 'मला माहीत नाही' म्हणणे मला त्याहून जड गेले. माझी प्रज्ञापारमिता त्या दिवशी वाढली."