विसूशेठने विमा उतरवला

माडवाडीत एक भोळा आंबेवाला होता. विसू मयेकर त्याचं नाव. भोळा हा शब्द गावाचा, आणि गाव सभ्य होतं. त्याची बायको शेवंती त्याला सरळ ठोंब्या म्हणायची.

बाग विसूच्या बापानं उभी केली होती. विसूनं फक्त बापाच्या पश्चात मालक व्हायचं, एवढंच काम होतं. ते त्याला बरं जमलं.

आंबा तयार झाला की हंगामापुरते नेपाळचे गडी यायचे. त्यांचा मुकादम टेकबहादूर. तो मात्र बारमाही बागेतच राहायचा, मराठी बोलायचा आणि विसूच्या वाटणीची अक्कलही स्वतःच वापरायचा.

त्या वर्षी शेजारच्या बागेत एक गडी झाडावरून पडला आणि कायमचा लंगडा झाला. मालकानं हात वर केले. गडी रिकाम्या हातानं गावी गेला. शेवंतीच्या ते जिवाला लागलं.

"अहो, आपल्या गड्यांचा विमा उतरवा. परमुलखातून येतात बिचारे. हातपाय मोडला तर त्यांनी खायचं काय?"

"आंबे," विसू म्हणाला.

मग शेवंतीनंच नाचणकर एजंटला बोलावून घेतलं. एजंटनं विसूला समोर बसवून समजावलं, "मयेकर, गडी कामावर असताना पडला की कंपनी भरपाई देते. कामावर असताना. एवढं ध्यानात ठेवा."

"कामावर असताना," विसूनं घोकलं. डोक्यात जागा भरपूर असल्यामुळे शब्द आत जाऊन ऐसपैस बसले.

थोड्याच दिवसांत मानबीर नावाचा गडी फांदीवर बसून भाकरी खाता खाता खाली आला. मनगट मोडलं. गडी ओरडायला लागला. विसू धावत आला आणि त्यानं आधी घड्याळ पाहिलं.

"अरेरे! जेवणाच्या सुट्टीत पडलास रे!"

"शेठ, हात..."

"हाताचं राहू दे. वर चढ. उरलेली भाकरी खा. दोन वाजले, काम सुरू झालं, की मग पड."

आणि त्यानं खरोखर शिडी आणून लावली. मोडक्या हाताच्या गड्याला मागून ढकलायला लागला. शेवंती लाटणं घेऊन आली म्हणून मानबीर जमिनीवर राहिला.

एजंटनं कपाळावर हात मारला. "अहो, बागेत होता ना? झालं! जेवत होता म्हणून तो काय पाहुणा झाला? ऐका. पुन्हा काही घडलं, तर पहिलं मला कळवा. मी येऊन बघेपर्यंत तिथलं काही हलवायचं नाही."

"काही हलवायचं नाही," विसूनं घोकलं.

पुढच्याच आठवड्यात शेडमधली आंब्यांच्या क्रेटची थप्पी कोसळली. रेशमा नावाच्या बाईचा पाय खाली अडकला. सगळे गडी धावले. विसू दोन्ही हात पसरून मधे उभा राहिला.

"खबरदार! कुणी हात लावायचा नाही. साहेबांना फोन केलाय."

"साहेब कुठं आहेत?" टेकबहादूरनं विचारलं.

"लग्नाला गेलेत. पंगत झाली की निघतायत."

रेशमा विव्हळत होती. विसूला दया आली नाही असं नाही. त्यानं सुपानं तिला वारा घातला, पाणी पाजलं. वर असंही सांगितलं, "बाई, पाय हलवू नकोस हं. तोही तिथलाच आहे."

टेकबहादूरनं शेठला काखेत हात घालून उचललं, बाजूला ठेवलं आणि मग क्रेट उचलले.

या खेपेला एजंटचा आवाज चढला. "माणूस क्रेटखाली ठेवायला मी सांगितलं होतं? आता शेवटचं सांगतो. बागेत कुणीही आडवा पडलेला दिसला, की विचारत बसू नका. उचला, गाडीत घाला, दवाखान्यात पोचवा!"

"विचारायचं नाही. उचलायचं," विसूनं घोकलं.

रेशमाच्या भरपाईची चौकशी करायला एजंट पुन्हा आला, तेव्हा शेवंतीनं त्याला जेवायला ठेवून घेतलं. पुरी होती, आमरस होता. एजंटनं वाटीमागून वाटी रिचवली आणि कलमाच्या सावलीत अंग टाकलं. क्षणात घोरायला लागला.

विसू तिकडून आला. बघतो तर माणूस आडवा! तोंड उघडं, शर्टावर पिवळे डाग, घशातून घर्र घर्र आवाज.

त्यानं दोन गडी हाकारले. एजंट टेम्पोत पडला तेव्हा जागा झाला.

"अहो मयेकर! हे काय चालवलंय?"

"विचारायचं नाही," विसू म्हणाला आणि दोरी आवळली.

दवाखान्यात एजंट इतका आरडाओरडा करत होता, की डॉक्टरनं आधी त्याला झोपेचं इंजेक्शन दिलं आणि मग आजाराची चौकशी केली.

शुद्धीवर आल्यावर एजंट कडाडला, "मी काय तुमचा कामगार आहे? विमा कामगारांचा आहे! माझा नाही, तुमच्या बायकोचा नाही, तुमचासुद्धा नाही! तुम्ही मालक. उद्या तुमची मान मोडली तरी कंपनी छदाम देणार नाही!"

बाकीचं सगळं विसूच्या डोक्यावरून गेलं. मान तेवढी आत राहिली.

घरी येताना तो मान धरूनच चालला. आपल्याच बागेत त्याला भीती वाटायला लागली. झाडाखालून जाताना पळायचा, पायरी उतरताना बसून उतरायचा. शेवटी एका सकाळी तो टेकबहादूरसमोर उभा राहिला आणि शेडची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"आजपासून तू मालक. मी गडी."

"शेठ, ऊन लागलं का?"

"शेठ तू. मला काम सांग."

टेकबहादूरनं घाबरून शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीनं नवऱ्याकडे पाहिलं, बागेकडे पाहिलं.

"घ्या हो ती किल्ली," ती म्हणाली. "सातबारा माझ्या पेटीत आहे. निदान आंबा तरी वेळेवर उतरेल."

आणि उतरला की! उरलेल्या हंगामात एक पेटी सडली नाही, एक गडी पडला नाही. विसूला गवत खाली अंथरून पेट्या भरायच्या कामाला लावला होता. तो आधी आंबे भरायचा आणि मग वर गवत घालायचा. नवे मालक रागावत नसत. दुसऱ्यांदा भरून घेत. विसू इतका सुखात कधीच नव्हता. मान सैल सोडून बागेत हिंडायचा.

असा हंगाम आटोपला. मानबीर आणि रेशमा यांची भरपाई त्यांच्या हातात पडली. गड्यांना न्यायला फाटकाशी बस लागली. टेकबहादूरनं सगळ्यांना अंगणात जमवून निरोप दिला.

"हंगाम संपला. आपापलं सामान बांधा. गाडीत बसा. सुखरूप जा."

गडी नमस्कार करून निघाले. शेवंती त्यांच्यासाठी आंबापोळी बांधण्यात गुंतली होती. ती बांधून, वाटून, डोळे पुसून होईतो बस वळणाआड गेली. रात्रीचं पान वाढलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की जेवायला कुणी आलेलं नाही. विसूची पथारी नव्हती. ताटवाटीही नव्हती.

बागेत शोधलं, विहिरीत वाकून पाहिलं. गाव कंदील घेऊन फिरलं. टेकबहादूरनं दरीत उतरून हाका मारल्या. शेवंतीनं ठोंब्या हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा रडत उच्चारला.

काही दिवसांनी मानबीरच्या फोनवरून फोन आला. पलीकडे विसू होता. आवाज खणखणीत.

"अगं, पोचलो हो नेपाळात! सगळे आपापल्या घरी गेले. माझं घर यातलं कुठलं, ते जरा मालकांना विचारून सांग."