मागे वळून पाहणारा स्वार

खूप खूप वर्षांपूर्वी, सायकली नुकत्याच डोंगर चढायला शिकल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. फ्रान्स देशातल्या एका घाटाच्या पायथ्याशी एक शिंपीण राहत होती. तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. कारण काय, तर तिचा मुलगा मागे वळून पाहत असे.

ही काय काळजी झाली, असं तुम्ही म्हणाल. दिवसा तिलाही तसंच वाटे. पण मुलगा शर्यतीचा स्वार होता. वय एकोणीस. चढ लागला की बाकीचे धापा टाकत आणि हा शीळ घाली. तरी नंबर यायचा तिसरा, नाहीतर चौथा. कारण ऐन चढावर, पुढे रस्ता मोकळा असताना, हा आपला मान वळवून मागच्यांकडे बघतोय.

एकदा तिने टोकलं, तर म्हणाला, बघायचं असतं गं. काय बघायचं असतं, हे मात्र तिने विचारलं नाही. ते तिने गावाला विचारलं. पाववाला म्हणाला, पोर हळवं आहे. लोहार म्हणाला, भित्रं आहे. शाळेचे गुरुजी म्हणाले, लक्षच नाही. आईच ती, तिला तिन्ही खरी वाटली.

त्या वर्षी एका मोठ्या सायकल संघाचा नायक गावात आला. घाटमाथ्यावर जो पहिला पोचेल, त्याला संघात जागा, असं त्याने जाहीर केलं. ही संधी हुकली तर मुलाने सायकल सोडून मामाच्या पिठाच्या गिरणीत बसायचं, हे घरात ठरलेलंच होतं.

घाटाच्या शर्यतीचा सदरा घरच्याच माणसाने शिवायचा, अशी तिथली रीत. शिंपिणीने मन लावून शिवला. कॉलरमध्ये मात्र एकाऐवजी तीन थर कडक बकरम घातलं, आणि कॉलर थेट कानापर्यंत नेली. मान वळणार कशी?

"वर गारठा असतो रे," ती म्हणाली. खोटं बोलताना तिचा आवाज नेहमीच बारीक होई.

"आई, यात मी माणूस दिसतो की बाटलीचं बूच?" मुलगा हसला. पण आईने शिवलंय म्हणून त्याने तो घातला.

शर्यत सुटली. पहिल्याच वळणावर त्याने सगळ्यांना मागे टाकलं. आई वरच्या वळणावर उभी होती. मुलाची मान सरळ पाहून तिचा जीव सुपाएवढा झाला. मग तिला दिसलं, त्याच्या मागच्या चाकाला चिकटून एक किडकिडीत स्वार येत होता.

पुढचा वारा फोडतो आणि मागचा त्याच्या आडोशाला दम राखतो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आई ओरडली, "मागे बघ!" पण गर्दीच्या गलक्यात आईचं ओरडणं म्हणजे शाबासकीच वाटते. त्याने आणखी जोर लावला. माथा हातभर राहिला असताना किडकिडीत स्वार बाजूने निघाला आणि जिंकला.

नायक मुलापाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं.

"चार शर्यती मी तुला गुपचूप पाहिलं," तो म्हणाला. "दमून कोणाचं तोंड उघडं पडलंय, कोणाचे कोपर फाकलेत, हे तू मागे वळून टिपायचास. झेप कधी घ्यायची, ते मी शिकवलं असतं. पाय पुष्कळांना असतात. मला ती मान हवी होती. आज तिला झालं काय?"

तोवर माथ्यावर पोचलेल्या आईने खरं ते सांगून टाकलं. नायकाने ऐकून घेतलं, मान हलवली. पण शब्द म्हणजे शब्द. जागा किडकिडीत स्वाराला गेली, आणि येत्या सोमवारपासून गिरणी.

म्हणून लहानथोरांनो, लेकराची खोड मोडण्याआधी ती कशासाठी आहे, हे लेकरालाच विचारावं.

घाट उतरताना आई हेच मुलाला सांगणार होती. माफीही मागायची होती. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगाच म्हणाला,

"थांब, आधी मला सांग. तू वळणावर होतीस ना? तो माझ्या मागे होता, तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं की मिटलेलं?"