शिक्का येईपर्यंत

डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं आणि तिथल्या राजाला कुत्र्यांचं भारी वेड होतं. हत्ती-घोड्यांच्या नादी लागलेले राजे पुष्कळ असतात, हा आपला कुत्र्यांचा. त्याच्या श्वानशाळेत लांब पायांचे, निमुळत्या तोंडाचे शिकारी कुत्रे असत आणि त्यांची पिल्लं प्रजेलाही मिळत. पण पुढे पुढे बाजारात कुणीही रस्त्यावरचं पिल्लू धुऊन-पुसून राजाकडचं म्हणून खपवायला लागलं. तेव्हा राजानं एक श्वानदप्तर उघडलं. अस्सल पिल्लाला त्या दप्तरातून दाखला मिळायचा. त्यावर पिल्लाचं नाव, आईबापांची नावं, रंग, उंची, धन्याचं नाव आणि खाली लाखेचा शिक्का. दाखला नाकारला, तर पिल्लू पुन्हा श्वानशाळेत जमा.

राजाचा हेतू चांगलाच होता. दप्तर मात्र दप्तरासारखंच चालायचं.

त्या राज्यातल्या एका गावात एक सोनार राहायचा. माणूस सचोटीचा, हात कसबी, पण बायको गेल्यापासून घरात एकटा. संध्याकाळी दुकान बंद केलं की बोलायला भिंती. शेवटी त्यानं श्वानशाळेतून एक भुरं, लांब कानांचं पिल्लू आणलं. पिल्लू उंबऱ्यावरून आत येताना धडपडलं आणि सोनाराच्या पायावर आपटलं. कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणीतरी हसलं.

पण सोनाराची एक खोड होती. आयुष्यभर त्यानं कस लावल्याशिवाय कशाला सोनं म्हटलं नव्हतं, आणि छाप उठल्याशिवाय दागिना दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता. पिल्लाच्या बाबतीतही त्यानं तेच धरलं.

समोरच्या कासारणीनं बांगड्यांची माळ खांद्यावर घेता घेता विचारलं, "काय हो भावजी, नाव काय ठेवलं पाहुण्याचं?"

"ठरवलंय. रणकेसरी. पण अजून हाक मारायची नाही. दाखला आला की मग."

"अगं बाई! आणि तोवर?"

"तोवर नुसतंच पिल्लू. उद्या दप्तरानं नाही म्हटलं आणि परत द्यावं लागलं तर? आधी जीव लावायचा आणि मग रडत बसायचं, हे मला एकदा पुरे झालंय."

कासारणीनं माळ खांद्यावर नीट केली आणि ती आपल्या वाटेला लागली. ती सोनाराच्या बायकोची मैत्रीण होती.

सोनारानं पिल्लाला काही कमी केलं नाही, हे आधीच सांगतो. मागच्या पडवीत मऊ गोधडी अंथरली, पितळी वाडग्यात निरसं दूध ठेवलं, भाकरीला तूप लावलं. पण वाडगा ठेवला की तो मागे सरायचा. पिल्लू दोरी ताणून कुईकुई करायचं, त्याच्या धोतराचा सोगा चाटायला बघायचं. सोनाराचा हात पुढे जायचा आणि मध्येच थांबायचा. "थांब रे, कागद येऊ दे," असं पुटपुटत तो आत निघून जायचा. आत जाऊन तरी काय करायचा? खिडकीतून पिल्लाकडेच बघत बसायचा.

आणि कागद काही येईना.

दप्तरातून एक कारकून यायचा. गोल चेहऱ्याचा, घामाघूम, काखेत दोरीनं बांधलेलं बाड. पहिल्या खेपेला त्यानं पिल्लाचा रंग लिहिला, उंची मोजली आणि गेला. पिल्लाच्या आईची नोंद या दप्तरात होती, पण बापाची नोंद घाटापलीकडच्या गडावर. ती येईपर्यंत आंब्याचा मोहोर गळून कैऱ्या धरल्या. नोंद आली, तर शिक्का ज्यांच्या हाती ते दप्तरदार लेकीच्या लग्नाला गेलेले. ते परत आले, तोवर पिल्लू वाढलं. मग कागदावरची उंची आणि पिल्लाची उंची जुळेना. नियमाप्रमाणे पुन्हा मोजणी. मोजणी करून कागद वर पाठवला, तर तो खाली येईपर्यंत पिल्लू आणखी वाढलेलं. दप्तराचा काही दोष नव्हता. पिल्लानंच जरा दमानं वाढायला हवं होतं.

दर खेपेला सोनार कावायचा. "कारकूनसाहेब, कधी देणार हो कागद? पिल्लाचा कुत्रा व्हायला आला!"

"शेट, कामच सोपं नाही हो. हे उभं राहील तर मोजणार ना?"

पिल्लू खरोखरच उभं राहायचं नाही. म्हणून कारकून जमिनीवर फतकल मारून बसायचा, आपल्या शिदोरीतला भाकरीचा तुकडा काढायचा आणि म्हणायचा, "ये रे गुंड्या, ये. शहाणा माझा." पिल्लू भाकरी खायचं, त्याच्या मांडीवर लोळायचं, त्याची पगडी चावायचं. कारकून त्याच्या कानामागं खाजवत खाजवत हळूच मोजपट्टी लावायचा. मोजणी झाल्यावरही तो जरा वेळ बसायचा. त्याला कुठं घाई होती?

अखेर कुत्र्याची वाढ थांबली आणि दप्तराची अडचण सुटली. एके सकाळी कारकून दाखला, लाख आणि शिक्का घेऊन दारात हजर झाला. सोनारानं नवं उपरणं घेतलं. आज कागद हातात पडला की पहिल्यांदा रणकेसरी म्हणून हाक मारायची, जवळ घ्यायचं, पोटभर लाड करायचे, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. 

"एकच रकाना राहिलाय," कारकून म्हणाला. "धन्यानं कुत्र्याला मोकळं सोडून नावानं हाक मारायची. तीन हाकांत तो आला पाहिजे. की मी शिक्का मारतो."

सोनाराच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "आणि नाही आला तर?"

"तर तो तुमचा नाही. श्वानशाळेत जमा."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"शेट, आपलं कुत्रं हाकेला येईल की नाही, हे कुणी दप्तरात विचारायला येतं का?"

सोनारानं दोरी सोडली, अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "रणकेसरी!"

कुत्रा एका माशीकडे बघत होता. तो माशीकडेच बघत राहिला.

"रणकेसरी, ये!"

या वेळी कुत्रा उठला. अंग झटकून चालत आला, सोनाराच्या जवळून पुढे गेला आणि कारकुनाच्या पायांत डोकं घालून शेपूट हलवायला लागला. कारकून ओशाळला. त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

सोनार तिथंच खाली बसला. ज्या जिवाला हात लावायची इतके दिवस वाट बघितली, त्याला आपली ओळखच नाही, हे त्याला आता उमगलं. त्याला फार वाईट वाटलं. पण राग मात्र कुणाचाच आला नाही.

कारकून मनाचा वाईट नव्हता. तो जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "शेट, एक हाक बाकी आहे. मी तुमच्या पाठीशी उभा राहतो. तुम्ही नुसतं गुंड्या म्हणा. येईल तो माझ्याकडेच, पण बघणाऱ्याला वाटेल तुमच्याकडे आला. मी डोळे मिटून शिक्का मारीन. एवढा उशीर केला आम्ही, तेवढं तरी करू द्या."

दाखला तिथंच होता. लाख वितळलेली होती. नाही म्हटलं तर कुत्रा जाणार होता. सोनारानं कुत्र्याकडे बघितलं, मग शिक्क्याकडे.

"नको," तो म्हणाला. "पितळेवर मी कधी सोन्याचा छाप मारला नाही. आज आपल्याच घरात मारू?"

"मग न्यायचं याला?"

"न्यायचं नाही. मला मुदत द्या. तिसरी हाक मी आज मारत नाही."

कारकून बघतच राहिला. "अहो, आजवर सगळे लवकर करा म्हणून मागं लागतात. उशीर करा म्हणणारे तुम्हीच पहिले." मग त्यानं लाख पुसली, बाड बांधलं आणि मिश्कील हसला. "उशिराचं मात्र आमच्याकडे काही सांगायला नको. तो तुम्हाला मनासारखा मिळेल."

दुसऱ्या दिवसापासून सोनारानं कुत्र्याला बांधलं नाही. पहिल्या दिवशी कुत्रा सरळ ओढ्याकडे पळाला, आणि धोतर सावरत, धापा टाकत सोनार त्याच्या मागे.

"सावकाश हो भावजी, पडाल!" कासारीण हसत हसत ओरडली.

सोनार पडलाही. पण रोज जाऊ लागला. ओढ्याकाठच्या दगडावर बसून आपल्या भाकरीतली अर्धी त्याला देऊ लागला. रणकेसरी हे नाव त्यानं सोडून दिलं, कारण कुत्र्याला आपलं नाव केव्हाच मिळालं होतं. सुरुवातीला कुत्रा भाकरी घेऊन लांब जाऊन खायचा. मग जवळ बसून खायला लागला. एकदा ओला होऊन आला आणि सोनाराच्या अंगावरच अंग झटकलं. सोनारानं तसंच ओल्या कपड्यांनी दुकान उघडलं. कधी कधी त्याला कुत्र्याचं लहानपण आठवायचं, उंबऱ्यावर धडपडणारं. ते दिवस त्यानं खिडकीतून बघण्यात घालवले होते. ते काही परत येणार नव्हते, आणि हे त्याच्या मनाला लागून राहिलं ते राहिलंच.

बऱ्याच दिवसांनी कारकून पुन्हा आला. दाराला कडी. तो कासारणीच्या ओट्यावर बसला.

"आज मी वेळेवर आलो, तर हेच घरी नाहीत!"

"बसा की. येतील," कासारीण म्हणाली. "त्या दोघांचं काही खरं नाही बघा. कधी दिवेलागणीलाच येतात."

बऱ्याच वेळानं दोघं आले. चिखलानं भरलेले. कारकुनाला राहवलं नाही. तो उठून म्हणाला, "गुंड्या! ये रे!"

कुत्र्यानं त्याला ओळखलं. शेपूट जोरजोरात हलवली. पण तो सोनाराच्या पायाशी होता, तिथून हलला नाही.

कारकुनाला जरा लागलं, आणि बरंही वाटलं. तो बाड सोडत म्हणाला, "चला शेट, मारा तिसरी हाक."

"थांबा हो जरा," सोनार म्हणाला, "आधी याचे पाय धुतो. घरभर चिखल करील." आणि कडी काढून तो आत गेला. कुत्रा त्याच्या मागोमाग आत गेला.

हाक मारायची राहूनच गेली. कारकुनानं पायरीवर बसून लाख वितळवली आणि शिक्का मारून टाकला.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: कुणाला आपलं म्हणायला शिक्क्यासाठी थांबू नये. दाखला उशिरा का होईना, मिळतो. पण वाट बघण्यात गेलेले मायेचे दिवस कोणत्याच दप्तरातून परत मिळत नाहीत.